मागून चालणारा वाटाड्या

माझ्या सासऱ्यांना जुन्या शहरात सगळे 'पुढेचला' म्हणतात. अगदी तोंडावर नाही, पण पाठ फिरली की लगेच, त्यांना ऐकू जाईल इतपत. ते जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. मागच्या दारापाशी उभं राहून 'पुढे चला, पुढे चला' करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि ते स्वतः मात्र कधीच पुढे गेले नाहीत, असं माझा नवरा म्हणतो. हा त्याचा विनोद. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही हसले होते. आता हसत नाही, कारण तो प्रत्येक पाहुण्यापुढे तेच सांगतो.

निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात. कुणी खिडकीत कुंड्या मांडून घरातला उजेड घालवतं, कुणी सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतं. आमच्या बाबांनी लोकांना जुनं शहर फुकट फिरवायला सुरुवात केली. रोज सकाळी ते वेशीच्या दगडी दरवाजापाशी जाऊन उभे राहायचे. ज्याला यायचं त्यानं यावं. पाटी नाही, शिट्टी नाही, डोक्यावर छत्री उंच धरणं नाही. शेवटी कुणी खिशात हात घातला की म्हणायचे, तिकिटं फाडून फाडून कंटाळलोय, तुम्ही आपले बिनतिकिटाचे फिरा. जे वाटाडे हाच धंदा म्हणून करतात ते सुरुवातीला त्यांच्यावर खार खाऊन होते. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की या म्हाताऱ्यापासून आपल्या पोटाला धोका नाही, कारण हा वाटाड्या मुळात वाट दाखवतच नाही.

खरंच दाखवत नाहीत. ते सगळ्यांच्या मागे चालतात. चौक आला की जो पुढे असेल त्यानं ठरवायचं, डावीकडे की उजवीकडे. आणि जिकडे पाय नेतील तिथं जे काही असेल, एखादी कमान, बंद पडलेली विहीर, नुसती ओल आलेली भिंत, त्याबद्दल बाबा मागून बोलणार. आणि दर वळणावर एक प्रश्न ठरलेला: "शेवटचा आला का?" शेवटी स्वतःच असतात, तरी विचारतात. त्यांच्या मागे फार तर एखादी मांजर असते.

या सगळ्यात मी ओढली गेले ती त्यांना आलेल्या चक्करेमुळे. एका सकाळी ते वेशीपाशीच भिंतीला धरून खाली बसले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, पण एकट्यानं फिरू देऊ नका. त्यावर माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी औषधांच्या दुकानात काम करते, दुपारपासून. म्हणजे सकाळी मी मोकळी, असा त्याचा हिशोब. सकाळी घरातली भांडी, कपडे आणि केर आपोआप होतात अशी या माणसाची प्रामाणिक समजूत आहे. मी बरंच काही बोलले, ते इथे सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी गेले.

त्या पहिल्या सकाळी धुकं होतं. मी याच शहरात वाढले, पण जुन्या भागात जायचं म्हणजे काम असायचं: चप्पल शिवायला टाक, घड्याळाचा पट्टा आण, आणि आलीस तशी परत ये. नुसतं चालायला मी तिथं कधी गेलेच नव्हते. पुढे एक शाळामास्तर आणि त्यांची बायको होती, दोन परगावच्या मुली होत्या, आणि एक जाडे गृहस्थ, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले. ते पुढे गेले की धुक्यात पुसट व्हायचे आणि थांबले की पुन्हा उमटायचे. आणि मागून बाबांचा आवाज. बोलणारा दिसत नसल्यामुळे थोड्या वेळानं असं वाटायला लागायचं की भिंतीच बोलताहेत. "हाताला लागते ती खाच बघा," आवाज म्हणायचा, आणि सगळ्यांचे हात भिंतीकडे जायचे. खाच असायची, गुळगुळीत झालेली. "इथं पाणी वाहणारे टेकायचे. खांदा बदलायला."  आम्ही आपले त्या खाचेत बोटं घालून उभे.

मला त्या चालण्याची चटक लागली, हे कबूल करायला हवं. घरी मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्यापुढे रोज सुस्कारा टाकून निघायचे.

काय काय पाहिलं मी त्या दिवसांत. एक जिना पाहिला, तो वर जाऊन नुसत्या आकाशापाशी संपतो. घर पडलं, जिना राहिला, आणि वरच्या पायरीवर कुणीतरी रोज कपडे वाळत घालतं. एका घराला खऱ्या खिडक्या कमी आणि रंगवलेल्या जास्त, रंगवलेल्या एका खिडकीत रंगवलेली बाई, ती कुणाची वाट बघते हे रंगाऱ्यालाच ठाऊक. एक बोळ इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. आम्ही एकदा सगळेच्या सगळे एका घराच्या उंबऱ्यावर चढून उभे होतो, आणि आतली बाई शेंगा सोलत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा सोलायला लागली. एका चौकात पावाच्या भट्टीची ऊब दगडातून वर येते, थंडीत तिथं कुत्री आणि म्हातारी माणसं शेजारी शेजारी बसतात. चालता चालता माझं डोकं रिकामं होत जायचं. दुकानात काय संपलंय, गॅस कधी आणायचा, नणंदेला काय उत्तर द्यायचं, सगळं कुठेतरी खाली बसायचं आणि पाय आपले चालत राहायचे. झोपेत चालतात तसं, फक्त डोळे उघडे.

पण मी औषधाच्या दुकानातली बाई. माणूस कुठली बाटली मागत नाही यावरूनही मला त्याचं दुखणं कळतं. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की बाबा एका गल्लीत कुणालाच जाऊ देत नाहीत.

कारंज्याच्या चौकात डाव्या हाताला एक ठेंगणी कमान आहे, तिच्या पलीकडे शिंप्यांची गल्ली. कुठे वळायचं ते लोकांनी ठरवायचं हा तर बाबांचा नियम. मग अडवणार कसं? ते अडवायचे नाहीतच. चौकात शिरता शिरता ते मागून उजवीकडच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची गोष्ट सुरू करायचे. त्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. मिनिटाचा काटा कुठे गेला याच्या बाबांकडे निदान तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही बनावट होत्या. पण गोष्ट ऐकताना माणसं घड्याळाकडे तोंड करायची, आणि जिकडे तोंड, तिकडेच पाय. सगळे उजवीकडे निघून जायचे आणि कमान मागे राहायची. इतक्या सफाईनं चालायचं हे, की मला आधी कौतुक वाटलं आणि मग संशय.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, त्या गल्लीत आत्या राहते. मग? मग काही नाही, त्यांचं काहीतरी जुनं आहे. काय जुनं? त्याला माहीत नव्हतं. सख्खी आत्या, चालत जाण्याच्या अंतरावर राहते, आणि या माणसाला आयुष्यात एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या लग्नात ती आली होती, तेवढं मला आठवत होतं. एका कडेला बसून होती, आणि बाबा पूर्ण वेळ दुसऱ्या कडेला पाहुण्यांना खुर्च्या देत होते.

माझ्या कोटाचं एक काज उसवलं होतं. खरं सांगायचं तर थोडं मीच उसवलं. आणि एका सकाळी फिरणं झाल्यावर बाबांना घरी पोचवून मी एकटी त्या कमानीखालून गेले.

आत्या काजं करते. गल्लीतले शिंपी कोट शिवतात, पण चांगल्या कोटाला हाताचं काज लागतं आणि ते सगळे आत्याकडे धाडतात. तिची एकच खोली, रस्त्याला लागून. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर ती, मांडीवर दुसऱ्याचा कोट. कापडाला धारदार पातीनं चीर देते, दोऱ्याला मेण लावते आणि चिरेच्या कडेनं असे टाके घालत जाते की ते एकमेकांना चिकटून बसतात. मी गेले तेव्हा खोलीत पेट्या बांधून ठेवलेल्या होत्या. भिंतीवरच्या चौकटी काढलेल्या, मागे त्यांचे फिकट चौकोन. नजर कमी झाली, ती म्हणाली. काळ्या कापडावर काळा दोरा आता हातानंच बघावा लागतो. म्हणून लेक घेऊन जाणार होती, तिच्या गावी, लांब. येत्या आठवड्यातच.

मी कोण हे तिनं लगेच ओळखलं. कोट हातात घेऊन काज बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली की हे आपोआप उसवलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम उसवलंय. मी मान खाली घातली. मग तिनं मला बसायला सांगितलं, आणि काज करता करता, मी न विचारताच, सगळं सांगितलं.

मी या घरात येण्याच्या खूप आधीची गोष्ट. त्यांची आई हॉस्पिटलात होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाबांची बस त्याच रस्त्यावरची. आत्या रोज सकाळी आईचे धुतलेले कपडे घेऊन वेशीपुढच्या थांब्यावर भावाच्या बसमध्ये चढायची आणि हॉस्पिटलापाशी उतरायची. एका सकाळी तिला निरोप आला की लवकर या. भाऊ तोवर कामावर गेलेला, त्याला काहीच माहीत नव्हतं. ती तशीच पळत सुटली. वेशीच्या दरवाजातून बाहेर आली तेव्हा बस थांब्यावर उभी होती, लोक चढत होते. ती धावली. आणि बस सुटली. मागची बस कुठेतरी बंद पडली होती, ती आलीच नाही. आत्या पोचली तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले. आत्यानं विचारलं, मी पळत येताना दिसले नाही का रे तुला? ते म्हणाले, गर्दी होती, नाही दिसलीस.

"तो खोटं नाही बोलत," आत्या मला म्हणाली. "गर्दी असणारच. दिसले नसेन. पण हाक? मला सारखं वाटतं मी हाक मारली. झोपेत तर मी रोज मारते. पण मारली असती तर त्याला ऐकू आली असती ना? बसमध्ये पुढे कुणाची टाचणी पडली तर याला मागे कळायचं. म्हणजे मी मारलीच नाही. भर रस्त्यात बाईमाणसानं ओरडायचं कसं, म्हणून लाजले असणार मी. आई तिकडे दाराकडे बघत होती आणि मी इकडे लाजत होते."

 ती पुढे म्हणाली की म्हणूनच भाऊ तिच्याकडे येत नाही. आई तिच्या हाती सोपवलेली होती, आणि तिनं साधी हाक मारली नाही. त्याचा राग बरोबरच आहे. फक्त लेकीकडे जायच्या आधी तिला त्याला एकदा विचारायचं होतं, की त्या सकाळी मागून कुणी ओरडल्यासारखं वाटलं होतं का? अगदी पुसट, चाकाच्या आवाजात मिसळलेलं? तेवढं कळलं की ती कुठेही जायला मोकळी. दोरा तोडून तिनं कोट माझ्या हातात दिला. काज सुरेख झालं होतं, बाकीची सगळी त्यापुढे भिकार दिसायला लागली.

घरी येऊन मी बाबांना सरळ सांगितलं. ते बुटांना पॉलिश करत होते. आत्या कायमच्या निघाल्यात, म्हटलं, आणि त्यांना वाटतं त्यांनी हाक मारली नाही म्हणून तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात. त्यांचा ब्रश थांबला. मी वाट बघितली. काही वेळानं ब्रश पुन्हा सुरू झाला, त्याच बुटावर, जो आधीच आरशासारखा झाला होता. मी म्हटलं, एकदा जाऊन या. ते म्हणाले, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला.

मला भयंकर राग आला. पुढचे दोन-तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते रोज वेशीपाशी जात होते, लोक येत होते, भिंती बोलत होत्या, कारंज्यापाशी घड्याळाची गोष्ट निघत होती. फक्त 'शेवटचा आला का' हे आता ते वळण नसतानाही विचारायला लागले होते. लोक गोंधळून मागे बघायचे. मी मनात म्हणायचे, हा माणूस परक्यांसाठी दहा वेळा थांबतो आणि सख्ख्या बहिणीच्या दारात एकदा जाववत नाही याला. शेवटी न राहवून मी आत्याकडे गेले आणि सांगितलं की उद्या सकाळी वेशीपाशी या. फुकट असतं. जो येईल त्याला फिरवतात, नाही म्हणता येत नाही त्यांना. याला लोक लुडबूड म्हणतील. म्हणोत.

ती आली. करड्या रंगाची शाल, पायात कापडी बूट, चालायला निघालेल्या लोकांत एका बाजूला उभी. बाबांनी तिला बघितलं आणि त्यांचा हात आपोआप दरवाजाच्या दगडावर गेला. मला वाटलं, पुन्हा चक्कर आली. पण ते सावरले. नेहमीसारखं म्हणाले, "चला, पुढे चला," आणि सगळे पुढे चालायला लागले.

त्या सकाळी धुकं नव्हतं, पण उजेड अजून कोवळा होता आणि घरांच्या वरच्या अर्ध्या भागालाच लागला होता. खाली आम्ही सावलीतून चाललो होतो. आत्या हळू चालत होती. दहा-बारा जण होते, ते पुढे निघून गेले आणि ती मागे पडत गेली, पडत पडत सगळ्यांत शेवटी. आणि तिच्या मागे बाबा. नियमच तो. ती थांबली की ते थांबायचे. ती एखाद्या भिंतीला हात लावायची, दाराच्या कडीला, खांबाला, जाताना बघून घ्यावं तसं, आणि ते तेवढ्याच अंतरावर उभे राहायचे. त्या दिवशी भिंती बोलल्या नाहीत. पुढची माणसं वळून बघायची, की म्हातारबुवांचं आज काय झालंय. मी त्यांना खुणेनं म्हणायचे, चालू द्या. मग त्यांनीही विचारायचं सोडलं आणि सगळेच गप्प चालत राहिलो. आकाशातल्या जिन्याखालून गेलो. रंगवलेल्या बाईखालून गेलो. आतापर्यंतच्या सगळ्या सकाळींत ती सकाळ मला सगळ्यांत सुंदर वाटली आणि सगळ्यांत जड.

कारंज्याचा चौक आला. बाबांना अचानक वाचा फुटली. "ते घड्याळ बघा," ते मागून म्हणाले, "त्याला मिनिटकाटा नाही." सगळे उजवीकडे वळले, बिचारे, काहीतरी ऐकायला मिळालं म्हणून खूश. आत्या वळली नाही. ती डावीकडे, कमानीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मग चालायला लागली. तिच्यामागे एक विद्यार्थिनी गेली, तिला वाटलं ठरलेली वाट तीच. मग तिच्यामागे दोघं, आणि मग बाकीचेही. घड्याळाची गोष्ट अर्धी झाली होती तोवर चौकात ती ऐकायला फक्त मी उरले होते.

"माणसं आत गेली, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी कमानीकडे बघितलं. एकदा मागे, वेशीच्या दिशेनंही बघितलं. तिकडून सरळ घरी जाता आलं असतं. मी मुद्दाम काही बोलले नाही. मग ते कमानीखालून वाकून आत आले. पुढच्या माणसांना कधी एकटं सोडलं नव्हतं त्यांनी.

गल्लीत सकाळ नुकतीच सुरू होत होती. दुकानांच्या फळ्या निघत होत्या. एका दारात इस्त्रीवाला ओल्या कापडावर इस्त्री टेकवत होता आणि वाफेचा ढग रस्त्यावर येऊन विरत होता. वर दोऱ्यांवर बाह्या नसलेले कोट टांगलेले, वाऱ्यानं हळूहळू फिरणारे. खाली दगडांच्या फटींत रंगीबेरंगी दोऱ्यांचे तुकडे, वर्षानुवर्षांचे. लोक ते बघत हिंडत होते. कात्रीचा आवाज एका घरातून यायचा, मग दुसऱ्या घरातून. बाबा या सगळ्यातून मान खाली घालून आले, आणि आत्याच्या दारापाशी थांबले, कारण ती थांबली होती.

ती म्हणाली, "धाकट्या, त्या सकाळी तुला हाक ऐकू आली होती का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी नजर काढून घेतली. लहानपणापासून ती त्यांना धाकट्या म्हणते, हे मला तेव्हाच कळलं.

"दिसलीच होतीस, ताई," ते म्हणाले. "दरवाजातून पळत बाहेर आलीस तेव्हाच दिसलीस."

 बाबा बोलत राहिले, अगदी हळू, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. आदल्या आठवड्यात तिला उशीर झाला होता म्हणून त्यांनी बस धरून ठेवली होती. तेव्हा पुढच्या बाकावरचा एक माणूस मोठ्यांदा म्हणाला, बस कंडक्टरच्या घरची आहे का. सगळी बस हसली. ते कधी कुणासाठी थांबत नसत, वेळ चुकवत नसत, त्यांना ते फार लागलं. त्या सकाळी तोच माणूस त्याच बाकावर बसला होता आणि मान वळवून बघत होता. मागून दुसरी बस येतेच आहे, असं त्यांना वाटलं. आईचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दोरी ओढली, डबल बेल दिली, बस निघाली. आणि संध्याकाळी चादर बघितल्यावर तोंडातून निघून गेलं, नाही दिसलीस. मग ते परत घेता आलं नाही. तिच्या दारात आलं की ते म्हणावं लागणार, म्हणून आलेच नाहीत.

"आणि हाक?" आत्यानं पुन्हा विचारलं. बाकीचं तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"मारलीस," बाबा म्हणाले. "'धाकट्या, थांब' म्हणालीस. दोनदा. रस्त्यातले लोक वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यांदा." आणि मग आमचे बाबा, ज्यांना मी सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं, भर गल्लीत हुंदके देऊन रडायला लागले.

मला वाटलं आता ती आत जाईल आणि दार लावून घेईल. मी तिच्या जागी असते तर लावलं असतं, शिवाय आधी काहीतरी फेकून मारलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. भावाला माफ केलं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. त्या वेळी तिला त्याची फुरसतच नव्हती. ती पायरीवर बसली. तोंडावर हात ठेवून थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. समोरच्या दारातून इस्त्रीवाल्यानं विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का?

"मी हाक मारली होती," आत्या त्याला म्हणाली. त्या बिचाऱ्याला काहीच कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, त्याला, मला, कोट बघत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना. "भर रस्त्यात, मोठ्यांदा. मी हाक मारली होती."